न घडलेल्या अपघातांचं मानपत्र

टिंगरेनगर, पुणे

प्रिय मनू,



तू डब्ल्यूएसओ झालीस हे सांगताना दादाचा आवाज भरून आला होता. वॉच सुपरवायझरी ऑफिसर म्हणजे मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या खोलीतली अख्खी शिफ्ट आता तुझ्या शब्दावर चालणार, एवढं मला कळलं आणि मी सोसायटीत पेढे वाटले. पेढा घेताना बहुतेकांनी विचारलं, "म्हणजे ती पायलट आहे का?" एकीने विचारलं, "ते विमानासमोर हातात दिवे घेऊन उभे असतात, ते काम का?" मी समजावून सांगितलं, पण घरी आल्यावर मन लागेना. दिवसभर डोक्यावरून विमानं जाणाऱ्या वसाहतीत, ती विमानं कोण उतरवून घेतं हे कुणाला माहीत नसावं! म्हणून हे पत्र तुला पाठवते आहे आणि मासिकालाही देते आहे. तुला पाठ असलेल्या काही गोष्टी त्यात येतील. त्या इतरांसाठी आहेत, तू पुढे वाच.

लोहगावपासून सुरुवात करते. तुकोबांचं आजोळ म्हणून गाव जुनं. तिथली धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली आणि तळ आजही वायुसेनेचाच आहे. आपण ज्याला पुणे विमानतळ म्हणतो ते त्या तळाला लागून असलेलं प्रवाशांचं आवार. टर्मिनल तुझ्या खात्याचं, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाचं. धावपट्टी आणि टॉवर वायुसेनेकडे. पुण्याहून दिल्लीला निघालेल्या प्रवासी विमानाला उड्डाणाची परवानगी देणारा आवाज गणवेशातल्या अधिकाऱ्याचा असतो, हे सांगितलं की आमच्याकडचे लोक अजून चकित होतात.

धावपट्टी एकच, सुमारे अडीच किलोमीटरची. सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान वायुसेनेत दाखल झालं ते २००२ च्या सप्टेंबरमध्ये, इथेच. सुखोई सरावाहून परततात ते बरेचदा जोडीने, वेगात, आणि मोजकं इंधन उरलेलं असताना. त्यांना फार घिरट्या घालायला लावता येत नाहीत. प्रवासी विमान लांबून, सरळ रेषेत, आपल्या ठरलेल्या वेगाने येतं. त्याच्या पोटात दीड-दोनशे माणसं असतात आणि त्याच्या मागची हवा ढवळलेली असते, म्हणून पाठोपाठ येणाऱ्याला अंतर द्यावं लागतं. ही दोन्ही एकाच पट्टीवर, एकाच सकाळी, एकामागून एक उतरवून घ्यायची. २०२४-२५ च्या आर्थिक वर्षात पुण्याच्या विमानप्रवाशांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं आणि गर्दीला जागा झाली. धावपट्टी मात्र तीच राहिली. पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल, तोवर या शहराचा सगळा भार त्या एका पट्टीवर आणि टॉवरमधल्या मोजक्या माणसांवर आहे.

एक दिवस मला नेहमी आठवतो, १२ जानेवारी २०२१. धावपट्टीच्या कामासाठी ऑक्टोबर २०२० पासून लोहगावला रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद असत. त्या दिवशी पहाटे पाचच्या आधी मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पूजा करून कोविडच्या लशीचे ट्रक निघाले आणि आठच्या सुमारास पहिलं विमान दिल्लीकडे झेपावलं. त्या एका दिवसासाठी नऊ विमानं ठरली होती आणि साडेछप्पन लाख मात्रा तेरा शहरांना जायच्या होत्या. टीव्हीवर ट्रक दिसले, खोकी दिसली, विमानाचं दार बंद होताना दिसलं. आमच्या इमारतीत टाळ्या वाजल्या. ज्यांनी कामाखालच्या पट्टीवरून, अर्ध्या दिवसाच्या वेळेत, नेहमीच्या वाहतुकीला धक्का न लावता ही विमानं सोडायची होती, त्यांचा उल्लेख मी त्या दिवशी कुठे ऐकला नाही. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत पट्टी पूर्ण बंद ठेवून तिचं काम पुरं झालं. लोकांना लक्षात राहिली ती रद्द झालेली तिकिटं.

लोहगावबद्दल बोलताना १५ फेब्रुवारी २०२० ची सकाळही सांगायला हवी. दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणाच्या वेगात असताना वैमानिकांना समोर पट्टीवर जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी विमान वेळेआधीच उचललं, शेपटीकडचा भाग घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. सन्मान करायचा तर अशी सकाळ झाकून ठेवून करता येणार नाही. ती का घडली हे शोधून ती पुन्हा घडू नये अशी व्यवस्था लावणं, हेच तर तुम्हा लोकांचं खरं काम. त्या कामाला बक्षीस कुठलं?

बक्षिसं आहेत, नाही असं नाही. अमेरिकेत आर्ची लीग नावाचा माणूस १९२९ मध्ये सेंट लुइसच्या मैदानात दोन झेंडे घेऊन उभा राही. एक झेंडा 'जा'चा, एक 'थांबा'चा. उन्हासाठी छत्री आणि सामानासाठी हातगाडी, एवढाच त्याचा टॉवर. तिथल्या नियंत्रकांची संघटना आज त्याच्या नावाने पदक देते, संकटातल्या विमानाला सुखरूप उतरवणाऱ्यांना. इंडोनेशियात पालू इथे २८ सप्टेंबर २०१८ ला भूकंप झाला तेव्हा अँथोनियस गुनावान आगुंग हा एकवीस वर्षांचा मुलगा, पट्टीवरचं विमान हवेत जाईपर्यंत टॉवर सोडून हलला नाही. सगळे बाहेर पडले होते. विमान सुटलं, मग त्याने उडी मारली आणि तो वाचला नाही. त्याला मरणोत्तर बढती मिळाली. त्याचं नाव मी देवाजवळ घेते, मनू, खोटं सांगत नाही. असे पराक्रम डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा गौरव व्हायलाच हवा. तू आता ज्या खुर्चीवर बसली आहेस तिथला पराक्रम असा दिसत नाही, आणि मला आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

१ जुलै २००२ ची रात्र तुला प्रशिक्षणात शिकवली असेलच. जर्मनीतल्या युबरलिंगनच्या आकाशात दोन विमानं धडकली. एक मालवाहू, त्यात दोन वैमानिक. दुसरं रशियन, त्यात एकोणसत्तर माणसं, बहुतेक सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं. एकाहत्तरांपैकी कुणी वाचलं नाही. आकाशाचा तो भाग झुरिकहून सांभाळला जाई. रात्री तिथे दोन नियंत्रक असत. वाहतूक कमी झाली की एक विश्रांतीला जाई आणि दुसरा एकटा बसे. ही पद्धत वरच्यांना माहीत होती आणि त्यांनी ती चालू दिली होती. नेमकं त्या रात्री यंत्रणेचं दुरुस्तीकाम निघालं. धोक्याची खूण पडद्यावर दिसणं बंद, मुख्य दूरध्वनी बंद, पर्यायी लाइन बिघडलेली. शेजारच्या कार्लस्रूहच्या नियंत्रकांना धडक होणार हे दिसत होतं. ते फोन लावत राहिले आणि फोन लागला नाही. झुरिकचा एकटा माणूस दोन टेबलांवर काम करत होता, त्यात एक उशिरा आलेलं विमान उतरवून घेत होता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा मिनिटही उरलं नव्हतं. त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितलं. विमानातलं यंत्र त्याच क्षणी वर जा म्हणत होतं.

त्या नियंत्रकाला पुढे, २००४ मध्ये, रशियन विमानात बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापाने घरी जाऊन ठार मारलं. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवते, पुढे वाचवत नाही. पण या गोष्टीचा शेवट तिथे नाही. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने झुरिकच्या त्या हवाई नियंत्रण संस्थेच्या चार जणांना दोषी ठरवलं, आणि ते व्यवस्थापनातले होते. रात्री एकट्याला बसू देणारे, दुरुस्तीच्या रात्री जादा माणूस न ठेवणारे, काय काय बंद राहणार हे बसणाऱ्याला नीट न सांगणारे. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माझ्यासारखीला हवाई वाहतुकीतलं नेतृत्व कशाला म्हणायचं हे त्या निकालाने समजावलं. 'दोघं बसतील, एकट्याला सोडणार नाही' एवढं एक वाक्य त्या संध्याकाळी कुणीतरी ठामपणे म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर अपघात झाला नसता, आणि ते म्हणणाऱ्याचं नाव जगात कुणाला कधी कळलं नसतं. उलट, माणूसबळ वाया घालवतो म्हणून वरून त्याला बोलणी बसली असती.

तुझ्या खुर्चीचं मला कौतुक वाटतं आणि काळजीही वाटते, ती याचसाठी. मुंबईच्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकच वापरता येते. त्यावर ८ डिसेंबर २०१८ ला चोवीस तासांत १००७ विमानं चढली-उतरली. म्हणजे दिवस-रात्र, सरासरी दीड मिनिटाच्या आत एक. त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आकाश तेवढंच आणि शेजारी दुसरं दार उघडलेलं. विक्रमाचा आकडा पेपरात येतो आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने नियंत्रकांची कमतरता आणि त्यांचा थकवा यांवर काळजी व्यक्त केली, ती बातमी मी कापून ठेवली आहे. अशा वेळी शिफ्टच्या प्रमुखाने ब्रेकची वेळ झालेल्या मुलाला उठवून ब्रेकला पाठवणं, आणि त्यासाठी गरज पडली तर विमानांमधलं अंतर वाढवून चार विमानं हवेत थांबवणं, याला हिंमत लागते. उशीर झालेला प्रवासी ओरडतो, कंपनी पत्र लिहिते. टळलेल्या चुकीचं पत्र कुणी लिहीत नाही.

दुसरी हिंमत चुका ऐकून घेण्याची. इथे आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, पाऊस. सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. मुंबई जवळ आली अशा समजुतीने ते लवकर खाली उतरू लागलं आणि जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळलं. चौऱ्याण्णव माणसं गेली. आपल्या आजीला ते आठवायचं. डोंगरात विदेशी विमान पडलं आणि गावकरी चिखलातून वर गेले, असं ती सांगायची.

बारा वर्षांनी, १ डिसेंबर १९७४ ला, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान असंच वेळेआधी खाली येऊन डोंगरावर आदळलं, ब्याण्णव मृत्यू. तिथे चौकशीत एक गोष्ट निघाली. सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच वाटेवर, तीच परवानगी तशीच समजून, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचून गेलं होतं. वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, आणि गोष्ट कंपनीच्या भिंतींत राहिली. त्यातून १९७६ मध्ये नासाच्या हाती एक व्यवस्था सोपवण्यात आली. वैमानिक असो वा नियंत्रक, आपली चूक किंवा थोडक्यात हुकलेला प्रसंग त्याने लिहून पाठवायचा. नाव गुप्त राहतं, शिकवण सगळ्यांना जाते. ती आजही चालते. ही व्यवस्था उभी करणाऱ्यांनी किती अपघात टाळले हे मोजता येणार नाही, पण मला विचारलं तर हवाई वाहतुकीतला सर्वांत मोठा मान मी अशाच माणसांना देईन.

आपल्याकडेही हे शिक्षण मोठ्या किमतीला झालं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ जीव गेले. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत दोष कझाक विमानाच्या कर्मचाऱ्यांकडे गेला; ते ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. दिल्लीच्या नियंत्रकाने समोरच्या विमानाची सूचना दिलेली होती. एवढ्यावर फाइल बंद करता आली असती. पण त्याच्या पडद्यावर विमानाची उंची दिसत नव्हती आणि येणारी-जाणारी विमानं एकाच वाटेने जात होती, हेही खरं होतं. पुढे उंची दाखवणारं रडार आलं, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, टक्कर टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं. नियंत्रक निर्दोष ठरल्यावरही यंत्रणा बदलायचा आग्रह धरणारे लोक कुठल्यातरी कार्यालयात बसले असतील. मला त्यांची नावं माहीत नाहीत, पण त्यांचे उपकार मी मानते, कारण दर उन्हाळ्यात मी दिल्लीला बहिणीकडे जाते.

तेव्हा तुझ्या शिफ्टमधला नवा मुलगा, गोंदियाहून किंवा प्रयागराजहून ताजा शिकून आलेला, कधी येऊन म्हणाला की "मॅडम, वैमानिकाने सूचना परत म्हटली ती मी नीट ऐकली नाही, त्याने दुसरीच उंची सांगितली आणि मी सोडून दिली", तर त्याला आधी बसव, पाणी दे. मग ते लिहून घे. रागावलीस तर तो पुढच्या वेळी येणार नाही. वर्गात मी हे फार पाहिलं आहे. मुलाला एकदा सगळ्यांसमोर फटकारलं की तो चुका करायचं थांबवत नाही, फक्त दाखवायचं थांबवतो. तुझ्या खोलीत न दाखवलेली चूक पुढच्या शिफ्टकडे जाते, आणि हँडओव्हरच्या वहीत ती कुठेच नसते.

आता माझा बेत. आपलं पुणं माणसांना मान देणारं शहर आहे. गायकाला, मल्लाला, शास्त्रज्ञाला, कीर्तनकाराला आपण पगडी घालतो, शाल-श्रीफळ देतो, मानपत्र वाचतो, आणि ते मनापासून करतो. मला वाटतं, २० ऑक्टोबरला, जगभर हवाई वाहतूक नियंत्रकांचा दिवस मानतात तेव्हा, या शहराने लोहगावच्या टॉवरला एक मानपत्र द्यावं. नावं मागायची नाहीत. तो लष्करी तळ आहे आणि त्याची शिस्त आपण पाळली पाहिजे. त्यामुळे हे मानपत्र एका माणसाला न जाता एका शिफ्टला जाईल, आणि मला ते जास्त योग्य वाटतं. त्यात टॉवरमधले, अप्रोचवरचे, पट्टीची पाहणी करणारे, पक्षी हाकलणारे, आणि त्यांच्यावरचा तो एक अधिकारी, जो म्हणतो की दोघं बसतील.

नुसता कागद देऊन चालणार नाही, याचाही विचार केला आहे. कचरा आणि मांसाचे तुकडे उघड्यावर पडले की घारी जमतात, आणि घार इंजिनात गेली तर काय होतं हे तुला मी सांगायला नको. गणेशोत्सवात लेझरचे झोत आकाशात जातात. पोलिसांनी त्यावर बंदीचे आदेश काढले, तरी मिरवणुकीत ते दिसतातच. मानपत्रासोबत धानोरी, कळस, विमाननगर, लोहगाव इथल्या सोसायट्यांनी आणि मंडळांनी लेखी द्यावं की कचरा झाकू आणि लेझर लावणार नाही. आमच्या सोसायटीची सही झाली आहे. मंडळाच्या पोरांशी बोलणं चालू आहे. ती समजूतदार आहेत, त्यांना कुणी कारण सांगितलेलं नव्हतं एवढंच.

मानपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. चार परिच्छेद आहेत. पहिल्यात लोहगावचा इतिहास, दुसऱ्यात लशीचा दिवस. तिसऱ्यात मी लिहिलं आहे की थकलेल्या सहकाऱ्याला उठवून विश्रांतीला पाठवणाऱ्या, चूक सांगायला आलेल्याचं ऐकून घेणाऱ्या आणि शंका आली की विमान थांबवणाऱ्या प्रमुखाचा हा सन्मान आहे. या परिच्छेदात वायुसेनेचे शब्द वेगळे असतील. 'डब्ल्यूएसओ' तुमच्या खात्यातलं पद आहे, तिकडे काय म्हणतात ते विचारून दे. चौथा परिच्छेद सोसायट्यांच्या वचनाचा, त्यात तू काही बदलू नकोस. तांत्रिक चुका लाल शाईने काढ आणि गणपतीच्या आधी परत पाठव, म्हणजे तळावर परवानगीचा अर्ज वेळेत देता येईल. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात वाचू नकोस, सुट्टीच्या दिवशी वाच.

तुझी,
आत्या